एएसपी, पीएचपी आणि दिवाकर

वडशात आम्ही वेबसाईट बनवायचं दुकान काढलं, तेव्हा गिऱ्हाइकं जमतील असं वाटलं होतं. जमले ते किस्से! आता दुकान नाही, दिवाकरही इथे नाही. किस्से सांगितले की लोक हसतात, म्हणून सांगतो. मला स्वतःला हसू येत नाही.

दिवाकर माझा भागीदार. प्रोग्रॅमिंग सगळं त्याचं, गिऱ्हाइकांशी बोलणं माझं. पहिलं काम मिळालं झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्याच भागातल्या, एका नाटक कंपनीचं. गावोगावच्या मंडळांनी नाटकाची तारीख इंटरनेटवर बुक करायची! पण साईट बनवायची कुठल्या कॉम्प्युटर-भाषेत? मी म्हणे एएसपी, कारण क्लासमध्ये तेच शिकलो होतो. दिवाकर म्हणे पीएचपी, कारण ते फुकट. त्याचं मन मात्र जावावर होतं. "जावा येत असन तर पुण्यात नोकरी पक्की," तो एकदा बोलून गेला. त्यानंतर मी जावाचं नावच काढलं नाही.

*

शेवटी मीच हार मानली. एसटीडी बूथवरून त्याला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "एएसपीले उडवून टाक आजच! मले तो नको!"

मागची रांग हळूहळू पांगली. गडचिरोली जिल्ह्यात एएसपी म्हणजे पोलिसांचा मोठा साहेब, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी दोन हवालदार दुकानात हजर. दिवाकरने घाबरत स्क्रीन दाखवला. "साहेब, काही नाई, हा नुसता कोड आहे."

"कोड? कोणासाठी लिवला?"

पुढचे दोन तास आम्ही ठाण्यात होतो.

*

साईट पीएचपीत झाली. सिझन सुरू झाला आणि नागभीडकडच्या एका गावाचं बुकिंग आलं. आम्ही पेढे वाटले. कंपनीचा ट्रक पडदे, पेट्या, नटनट्या घेऊन गावात पोचला, तर तिथे कोणालाच काही ठाऊक नाही! ते बुकिंग दिवाकरने टेस्टिंगसाठी टाकलं होतं आणि पुसायला विसरला होता.

कंपनीचे मालक परत आले ते थेट दुकानात. "नाटक आमी कायले करतो? तुमीच करा!"

त्यानंतर दुसरं काम मिळालं नाही.

*

दिवाकरचे वडील गोविंदभाऊ धानाची शेती करायचे. एकुलता एक पोरगा दिवसभर करतो काय, ते पाहायला कधीमधी दुकानात यायचे. एकदा त्यांनी विचारलं, "आपली साईट राह्यते कुठी?"

"अमेरिकेत, बाबा. सर्वरवर."

"काऊन? इथी काऊन नाई?"

"इथी घडीघडी विजेची लाईन जाते. सर्वरले थंड खोली लागते, चोवीस तास लाईन लागते."

गोविंदभाऊ मान हलवत निघून गेले.

*

दिवाकर गुपचूप जावा शिकला. पुण्याहून बोलावणं आलं. घरी त्याने एवढंच सांगितलं, "त्या कंपनीचा सर्वर पुण्यात आहे. जिथी सर्वर, तिथी काम. मले जाच लागन."

जायच्या दिवशी तो बॅग घेऊन दुकानात बसला होता. गाडीला वेळ होता. मला फार वाईट वाटत होतं. तेवढ्यात गोविंदभाऊ आले. शर्टावर चुन्याचे डाग होते.

"धानाची खोली खाली केली," ते दिवाकरला म्हणाले. "चुना मारला. कूलर बसवला. लाईन गेली तर बॅटरी आहे. आता सर्वरले इथीच आण. मंग तर जा लागत नाई न तुले?"