कुटुंब म्हणजे कोण?

सरकारी ऑफिसात किस्से शोधावे लागत नाहीत, फायलींबरोबर आपोआप टेबलावर येऊन पडतात! कारगिलच्या वेळी मी नाशिकला कारकून होतो. सीमेवरच्या जवानांच्या कुटुंबांना जादा भत्ता द्यायचं काम आमच्याकडे होतं. म्हणजे द्यायचं वर ठरलं होतं. न देण्याचं काम आमचे हेडक्लार्क देवरे भाऊसाहेब सांभाळत. माणूस वाईट नव्हता हो! कुणाचा चहासुद्धा प्यायला नाही कधी. फक्त नियमाबाहेर शिंकत नसे.

*

बागलाणातल्या नामपूरची एक बाई आली. नवरा तिकडे बर्फात, इथे कडेवर लेकरू. देवरे म्हणाले, "ताई, भत्ता युद्धकाळासाठी आहे. आणि सरकारनं अजून युद्ध जाहीर केलेलं नाही."

बाई भडकली. "मंग तठे काय दिवाळीना फटाका फुटी राह्यनात का?"

देवरेही बागलाणातलेच. गावाकडची बोली कानावर पडली आणि गडी विरघळला. बाईसाठी चहा मागवला, लेकराला बिस्किट दिलं. भत्ता मात्र वरून खुलासा येईपर्यंत थांबला!

*

जवानाचा पत्ता म्हणजे नाव, नंबर आणि '५६ एपीओ'. बस्स. देवरेंनी एका अर्जावर शेरा मारला, 'गावाचा बोध होत नाही. तालुका व जिल्हा कळवावा.'

मी म्हटलं, "भाऊसाहेब, ते लष्कराचं पोस्ट ऑफिस आहे. ठिकाण गुप्त असतं."

"गुप्त शत्रूपासून! आपण काय शत्रू आहोत?"

समोर त्या जवानाची बायको बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला काही ठामपणे सांगता येईना.

*

पिंपळगावला द्राक्षवाल्यांनी जवानांच्या बायकांचा सत्कार ठेवला. माइक देवरेंच्या हातात. वीरपत्नी हा शब्द नवरा धारातीर्थी पडलेल्या बाईसाठी वापरतात, पण भरात कोण बघतो? "आता वीरपत्नी सुनंदाताईंनी पुढे यावं!"

सुनंदाताई जागेवरूनच ओरडल्या, "ओ भाऊसाहेब! मालक जित्ता हाय माझा! परवाच पत्र आलंय!"

देवरे माइकवरच म्हणाले, "सॉरी! पुढील आदेश होईपर्यंत वीरपत्नी हा शब्द मागे घेण्यात येत आहे!"

*

आणि सुरगाण्याच्या जनाबाई. डोंगरातून जीपनं, पुढे एसटीनं यायच्या. नवरा वारलेला, एकुलता मुलगा सीमेवर. दरसाल तो रजा काढून भाताच्या लावणीला यायचा. यंदा रजा रद्द. मजूर लावायचे तर हातात भत्ता हवा, नाहीतर शेत पडीक आणि वर्षभर खायचं काय, हा प्रश्न.

देवरे म्हणाले, "मावशी, भत्ता कुटुंबाला असतो. कुटुंब म्हणजे बायको. तुमचा मुलगा अविवाहित."

"मंग मी कोण?"

"तुम्ही अर्जदार!"

पुढच्या खेपेला जनाबाई एका लाजऱ्या मुलीचा हात धरूनच आल्या. मुलाची सोयरीक ठरली होती तिच्याशी. "घ्या, कुटुंब आणलंय!"

देवरेंनी लग्नाचा दाखला मागितला.

"पोऱ्याला चार दिस सोडा, लगीन लावून दावते!"

"मावशी, रजा माझ्या अखत्यारीत नाही."

मुलगी खाली मान घालून उभी होती. मला त्या दिवशी देवरेंचा मनापासून राग आला. त्यांनाही कुठेतरी लागलं असावं, कारण मग डबा खायचा सोडून ते दुपारभर जुने आदेश उपसत बसायला लागले.

जनाबाई पुन्हा आल्या तेव्हा देवरेंनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. "मावशी, बसा! नियम सापडला! आईसुद्धा कुटुंब होते!"

जनाबाई पहिल्यांदाच हसल्या. पावसाला तोंड लागलं होतं, रोपं तयार होती. "कंचा कागद लागंल?"

देवरेंनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं, "अविवाहित जवानाची आई ही कुटुंब समजावी, मात्र सदर जवान..." आणि थांबले.

"वाचा ना फुडं."

देवरेंचा आवाज खाली गेला. "...सदर जवान शहीद झाला असल्यास."

जनाबाई खुर्चीवरून उठल्या. टेबलावरचा आपला अर्ज उचलून त्यांनी पिशवीत घातला.

"लिवून घ्या, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मी त्याची कोनी नाय."