तिला लाघवी म्हणायचं नाही

माझ्या वहिनीसमोर तिच्या लेकीला लाघवी म्हणायची कुणाची टाप नव्हती. गोड म्हणा, गुणी म्हणा, द्वाड म्हटलंत तरी हसायची. लाघवी म्हटलं की चेहरा पांढराफटक.

"अगं बाई, कौतुकाचा शब्द तो," मी एकदा वैतागून म्हटलं. "गोड तर झोपलेलं कुठलंही पोर दिसतं. लाघवी म्हणजे जे आपणहून येऊन गळ्यात पडतं, माणसाला आपलंसं करून टाकतं."

"कुणाच्याही गळ्यात पडतं, ताई. त्याचीच तर भीती वाटते."

खोटं नव्हतं ते. ठकी जेमतेम चार वर्षांची, पण एकदा बसथांब्यावरून एका परक्या माणसाचं बोट धरून पार कोपऱ्यापर्यंत गेली होती, खुशाल गप्पा मारत. माणूस भला निघाला, परत आणून सोडली. पण वहिनीच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. माझा भाऊ ट्रकवर, महिनामहिना बाहेर. घरात या दोघीच. दाराची कडी लावली तरी ही बाई पुन्हा पुन्हा उठून बघायची. मग तिने पोरीला पढवायला सुरुवात केली. अनोळखी माणूस जवळ आला की लपायचं, गप्प बसायचं, आणि आई 'ये' म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही, कुणीही हाक मारो.

"आत्याने मारली तरी?" ठकीने विचारलं.

"तरी."

घ्या! म्हणजे मी परकी झाले!

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत. हॉस्पिटलच्या चादरी येतात. मी इस्त्रीवर, वहिनी फाटकं शिवायला. त्या दिवशी सांभाळणारी शेजारीण आजारी, म्हणून ठकीला बरोबर आणलेलं. चादरी आणणाऱ्या टेम्पोवर नवा ड्रायव्हर आला होता. शिलाईच्या टेबलाखाली खेळणाऱ्या ठकीला वाकून म्हणाला, "काय लाघवी पोर आहे! येतेस का माझ्याबरोबर?" वहिनी दोरा आणायला आत गेली होती. परत आली तर टेबलाखाली नुसती चिंध्यांची बाहुली.

वहिनी किंचाळत रस्त्यावर धावली. ड्रायव्हर फाटकापाशीच गाठोडी उतरवत होता. त्याचं तोंड उतरलं. "अहो, गंमत केली मी. ती तर मागे पळाली."

मागे! मागे मळक्या चादरींच्या ढकलगाड्या, आणि धुलाईचं मोठं मशीन. मशीनवाला गाडीतल्या चादरी कवेत घेऊन आत कोंबतो, बघत बसत नाही. ड्रम फिरत होता. मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. मशीनवाला ओल्या चादरी उपसू लागला. एखादी चादर जड लागली की आम्ही ती आधी उलगडून बघायचो. सगळा ड्रम रिकामा झाला, ठकी नव्हती. "ठकी! ठकी!" आम्ही घसे फाडून ओरडत होतो. उत्तर नाही.

आणि मग वहिनीने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. घरातल्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "ठकी, ये."

ड्रमला खेटून उभ्या असलेल्या गाडीतल्या चादरी हलल्या. पुढची पाळी त्याच गाडीची होती. मशीनवाल्याने ती गाडी दोन्ही हातांनी मागे ओढली.

"मी हूं की चूं केलं नाही, आई," ठकी बाहेर येत म्हणाली. "आत्या किती ओरडली, तरी नाही."

वहिनीने तिला छातीशी आवळलं आणि ती हमसून हमसून रडली. बिचारा ड्रायव्हर डोळे पुसत पुढे आला, तशी ठकी आईच्या मागे दडली.

आता कुणीच तिला लाघवी म्हणत नाही, सांगावंच लागत नाही. काल मी हात पसरले, तर ती आधी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. वहिनी "जा" म्हणाली, मग आली. माझ्या मांडीवर पाहुण्यासारखी बसली, पाठ ताठ.

वहिनी ते बघत होती. मग हळूच म्हणाली, "ताई, तिला एकदा लाघवी म्हणा ना."

मी पोरीकडे पाहिलं. खोटं कसं बोलू?