धूर नाचायचा ते गाणं

कळंबला बाजारतळाच्या मागं तंबूचा सिनेमा यायचा. त्या वर्षी मालकानं सोलापूरहून इंग्रजी कार्टूनचा सिनेमा आणला. एकही खरं माणूस नाही, सगळी हलणारी चित्रं, आणि तीही गाणारी. गावानं पहिल्या दिवशी नाकं मुरडली आणि दुसऱ्या दिवसापासून गर्दी केली, ती सुरुवातीच्या गाण्यासाठी. शब्द कुणालाच कळत नव्हते. तरी चार दिवसांत टांगेवालेसुद्धा ते शिट्टीवर वाजवायला लागले.

माझे वडील तहसिलीत कारकून. तंबूच्या परवान्याचा कागद त्यांच्या टेबलावरून गेला होता, म्हणून मला रोज संध्याकाळी फुकट आत सोडत. हे वडिलांना ठाऊक नसावं, असं मी अजून धरून चालते.

आत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पांढरं होऊन आमच्याकडं आली होती. तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं. तंबूत गाणं लागलं की ती भाकरी तव्यावर तशीच टाकून माळवदावर चढायची आणि गाणं संपलं की खाली यायची. भाकरी करपायची, ती आईची बोलणी खायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मी घरी आले की विचारायची, "सांग की गं, काय दिसतंय त्यात?"

मी सांगायची. डोंगरामागून दिवस उगवतो, घराघराच्या धुराड्यातून धूर निघतो, आणि ते सगळे धूर एकमेकांचे हात धरून नाचतात.

"धूर नाचतो?" ती हसायची. "आमचा तर नुसता डोळ्यात जातो बघ."

तरी सकाळी फुंकणीनं चूल फुंकताना ती तेच गाणं गुणगुणायची आणि धुराकडं बघत बसायची.

चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "दादांना तू इचार की. मला एकदाच बघायचंय ते. म्या इचारलं तर बरं दिसंल का? तुला ते न्हाय म्हणायचे न्हाईत."

मी हो म्हणाले आणि विचारलं नाही. आज वडील चिडलेत, आज दौऱ्यावर गेलेत, असं रोज काहीतरी सांगत राहिले. खरं कारण सांगायला आजही लाज वाटते. त्या घरात मला कुणी काही विचारत नसे. ती एकटी माझ्या तोंडाकडं बघत बसायची आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. तिनं स्वतः गाणं पाहिलं असतं तर मला कोण विचारणार होतं?

शेवटच्या दिवशी तिनंच धीर केला. वडील चहा पीत होते. दाराआडून तिनं कसंबसं विचारलं.

"जा की मग," वडील म्हणाले. "आठ दिवस काय केलंस? मला कुणी बोललंच न्हाय."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

ठेवणीतलं लुगडं नेसून ती तंबूत बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी बसली. अंधार झाला आणि पडद्यावर एकदम मधलीच पळापळ सुरू झाली. मी उठून दारावरच्या माणसाकडं धावले.

"सिनेमा उद्या भूमला लागतोय," तो म्हणाला. "कंडक्टर रिळांच्या सगळ्या पेट्या एकदम घेत न्हाय. म्हणून पैली पेटी दुपारच्या एस्टीनं लावून दिली. गाणंच तर हाय त्यात, गोष्ट सगळी फुडंच हाय."

मी परत येऊन बसले.

"गाणं कधी लागंल गं?" आत्यानं हळूच विचारलं.

"आज नाही," मी म्हणाले.

ती शेवटपर्यंत मांडीत हात ठेवून बसली. घरी जाताना मला रडू आवरेना, तर तिनंच पदरानं माझं नाक पुसलं. "रडतीस कशाला? तू सांगितलंय की मला सगळं."

पुढच्या वर्षी तंबू पुन्हा आला, तोच सिनेमा घेऊन. वडील स्वतःहून आत्याला म्हणाले, "ह्या बारीला पहिल्याच दिवशी जाऊन ये."

"नको दादा," ती म्हणाली. "पोर येईल बघून. सांगती मला ती."

तिच्या आवाजात राग असता तर मी सुटले असते. त्या संध्याकाळी मी तंबूत गेलेच नाही. गाणं लागलं, त्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि आत्या खाली मान घालून भाकरी थापत राहिली. त्या दिवशी एकही भाकरी करपली नाही.