पाण्याखालची पोथी

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता. जळगावच्या आमच्या आळीत कुणीच पाहिला नव्हता. नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं, तेही खाकरत खोकत. अशा गावात मी धुळ्याच्या माहेरपणाहून परतताना साड्यांच्या घडीत लपवून आणलं काय, तर समुद्राच्या तळाशी घडणारी एक प्रेमकथा. वाचनालयाचं पुस्तक होतं ते.

होडीतून पडलेली एक मुलगी, मोत्यांचा महाल आणि तिथला राजकुमार. या राजकुमाराला कामधंदा नव्हता. दिवसभर तो तिच्या डोळ्यांत बघत बसायचा. मला तो फार आवडायचा.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. निवृत्त हेडमास्तर. कादंबऱ्या वाचून सुना बिघडतात, हे त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं होतं. म्हणून मी पुस्तकाला पोथीसारखं लाल फडकं गुंडाळलं. केवढी माझी हुशारी! एका दुपारी सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, मला वाचताना गाठलं. त्यांना अक्षरओळख नव्हती.

“कसानी पोथी शे वं?”

“समुद्राची,” मी म्हणाले. यात खोटं काय होतं?

“मंग जोरमा वाच. माले बी ऐकू दे.”

झालं. पुस्तक देवघरात जाऊन बसलं. रोज तीन वाजता हातपाय धुवायचे, हळदकुंकू वाहायचं, मग वाचायचं. शेजारच्या दोघी यायला लागल्या. राजकुमाराने मिठी मारली की मी “अभय दिलं” म्हणायचे. चुंबन घेतलं की “आशीर्वाद दिला”. त्या पोरीला इतके आशीर्वाद मिळाले की अक्का म्हणाल्या, “मोठी भाग्यानी शे.”

शेवटची वीसेक पानं उरली. राजकुमाराने विचारलं, कायमची राहशील का? राहिलीस तर जमीन विसरावी लागेल. आणि नेमकी मी बाजूला बसले. सुनेला मिळणारी खरी फुरसत म्हणजे तेच चार दिवस, आणि त्यात पोथीला शिवायचं नाही! शेवट मलाही माहीत नव्हता. दुसरं कुणी नव्हे, मीच त्या पुस्तकाला देवघरात चढवलं होतं.

“चार दिवस थांबू या की,” मी मागच्या खोलीतून म्हटलं.

“आर्धी पोथी कोनी सोडस का?” म्हणत अक्कांनी पुस्तक सरळ नानांच्या हातात दिलं.

आता पेटी भरायची आणि धुळ्याची गाडी धरायची, एवढंच उरलं होतं. नानांनी चष्मा लावला. खुणेचं पान काढलं. पुढची दोन-तीन पानं उलटून पाहिली. मग त्यांनी घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात वाचलं, “राजकुमार म्हणाला, ताई...”

ताई! दीडशे पानं डोळ्यांत बघून झाल्यावर ताई! मी पदर तोंडात कोंबून हसले, आणि संतापलेही. तीन दिवस हे बंधुप्रेम चाललं. मात्र सकाळी नानांच्या वर्तमानपत्राआड मला लाल फडक्याचं टोक दिसायचं.

चौथ्या दिवशी राजकुमाराने ताईला साडीचोळी करून घरी धाडलं. ती सासूसासऱ्यांची सेवा करत सुखाने नांदली म्हणे. शेजारणींनी हात जोडले. अक्कांनी जोडले नाहीत.

“इतलं पानी सोडीसन इकडे कसाले वनी ती?” त्या म्हणाल्या. तिचं परत येणंच त्यांना पटेना.

जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेल्या त्या बाईचा चेहरा इतका उतरला होता की मला मागच्या खोलीत रडू आलं. जेवणही त्यांनी धड केलं नाही.

पाचव्या दिवशी न्हाऊन मी पुस्तक हातात घेतलं. नाना ओटीवरच होते. छापलेलं वाचलं तर त्यांचं बिंग फुटणार होतं, आणि त्यांच्या मागोमाग माझंही. मी अक्कांना समोर बसवलं, शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचलं. तिला न्यायला आलेली होडी रिकामी परत गेली. तिने राजकुमाराचा हात धरला आणि ती पाण्यातच राहिली. या वेळी मी एक शब्दही बदलला नाही.

ओटीवरून खोकला ऐकू आला.

अक्कांनी हात जोडले. “आते बरोबर शे,” त्या म्हणाल्या, आणि नारळ फोडायला त्यांनी नानांना हाक मारली.