फादर आमच्या ओसरीवर आले

मैत्रिणींनो, आज दुपारी आपल्याला तर्कशास्त्र शिकवणारे फादर चक्क आमच्या घरी आले. वाशिंदला उतरून, पांढऱ्या झग्याला धूळ माखत, बांधाबांधानं चालत.

तुम्हाला ठाऊकच आहे, लढाईमुळे मामा मुंबई सोडून गेले. मला राहायला जागा उरली नाही, म्हणून दादांनी, माझ्या वडिलांनी, कॉलेज सोडवून मला गावी आणलं. मुरबाडला लग्नही ठरवलं, पण पुढच्या वर्षीचं.

फादर आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "आपली कन्या वर्गात सर्वांत चांगले प्रश्न विचारते. सिस्टरांच्या वसतिगृहात मी तिची सोय केली आहे. जूनमध्ये पाठवा."

दादा म्हणाले, "इचार करतो." मला वाटलं, झालं काम!

पण तोवर अंगणात आळी जमली होती. फादर वळणाआड जाताच काका ओरडला, "पाद्री घरात आला रे! आता पोरीला बाटवतील. मुरबाडवाल्यांना कललं तर सोयरीक रायल का?"

मी म्हटलं, "दादा, मी वर्षभर तिथं शिकले. कुणी बाटवलं का?"

"मला ठाव हाय गो," दादा मान खाली घालून म्हणाले. "पन गावाला कोन सांगनार?"

लग्न याच आठवड्यात उरकायचं ठरलं.

फादर मात्र खुशीत गेले. उद्या तासाला ते तुम्हाला सांगतील की मी परत येतेय. त्यांना खरं कोण सांगेल? आणि ते आल्यामुळेच हे झालं, हेही सांगाल का?