रऊफभाईंच्या पंधरा लाद्या

अंगणवाडीत खिचडीला फोडणी घालत होते तेव्हा प्रज्ञाचा फोन आला. "ताई, रऊफभाई गेले. पोशीरला एका बंगल्यात बाथरूमचं काम चालू होतं, तिथंच छातीत कळ आली..." अशा वेळी माणसं काही तरी धड बोलतात. माझ्या तोंडून काय निघावं? "अगं, पण त्यांचा निकाल लागायचाय अजून." इकडे मोहरी करपली. पोरांनी ती करपट खिचडी मुकाट्यानं खाल्ली, आणि मी भांडी घासताना मनातल्या मनात रऊफभाईंनाच झापत राहिले, की चार आठवडे थांबायला काय झालं होतं ओ तुमाला.

रऊफभाई खोपोलीच्या शिळफाट्याचे, लादी बसवणारे कारागीर. कर्जत-खालापुरातल्या निम्म्या फार्महाऊसांत माझ्या हातची लादी हाय, असं सांगायचे. त्यातली निम्मी मी वजा करते, तरी बरीच उरतात. आमची ओळख गणितामुळं झाली. मला या विषयानं आयुष्यात दुसरं काही चांगलं दिलेलं नाही. अपूर्णांक दिसला की शाळेत मी वही मिटून टाकायचे. दहावीला दोनदा गणितात गेले, मग लग्न झालं, आणि मदतनीस म्हणून लागले ती वीस वर्षं मदतनीसच राहिले. सेविका व्हायचं तर शिक्षण लागतं, आणि मी अडकलेली दहावीच्या उंबऱ्यात.

दहिवलीच्या आमच्या बुद्धविहाराच्या सभागृहात प्रज्ञा रोज संध्याकाळी आमच्यासारख्या राहिलेल्यांचा गणिताचा वर्ग घ्यायची. शिकवणारी चोवीस वर्षांची, शिकणारे पाच जण पन्नाशीच्या आगंमागं. जिला मी अंगणवाडीत मांडीवर बसवून भरवलं ती आता मला म्हणायची, "ताई, हातचा विसरलात." त्याच दिवसांत सभागृहाच्या मागच्या अर्ध्या भागात नवी लादी बसत होती. काम चार दिवसांचं, पण बारा दिवस झाले तरी संपेना. कमिटीवाले कुरकुरायला लागले. नीट बसवलेली लादी उपटून परत बसवताना मी त्या माणसाला, म्हणजे रऊफभाईंना, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

एका संध्याकाळी प्रज्ञानं विचारलं, उणे सात अधिक पाच किती? आम्ही पाचही जण बोटं मोजतोय. मागून, गुडघ्यावर बसलेल्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "दोन इंच खाली." सगळे मागं वळले. "सात इंच खड्डा हाय. पाच इंच भराव टाकला. लेव्हलच्या दोन इंच खालीच राहणार ना, कुठं जाईल?" आठवीपासून जे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं ते त्या एका खड्ड्यानं शिरलं. दुसऱ्या दिवशी ते हात धुऊन पुढं येऊन बसले, वही घेऊन.

आता वाटेल की असा माणूस गणितात धावला असेल. कसला धावतोय. जमिनीवर जे चालायचं ते कागदावर आलं की आडवं पडायचं. क्ष म्हटलं की चिडायचे. "बाई, आधी हा माणूस कोण ते सांगा, मग त्याचं किती ते काढतो." मला मात्र त्यांनी पाव लादी, अर्धी लादी, तिरकी कापलेली लादी करून अपूर्णांक असे शिकवले की वही मिटावीशी वाटेना. मी त्यांना कागदावर पायऱ्या कशा मांडायच्या ते दाखवायचे. वर्ष असं गेलं. आम्ही दोघांनी खाजगी विद्यार्थी म्हणून फॉर्म भरले आणि मार्चमध्ये परीक्षेला बसलो. एकाच वर्गात, त्यांच्यामागं दोन बाक सोडून मी.

गणिताच्या पेपरात प्रश्न आला. खोली सहा मीटर लांब, साडेचार मीटर रुंद, तीस सेंटीमीटरच्या चौरस लाद्या किती लागतील? मला आनंद झाला, की आता हा माणूस सुटला. तेवढ्यात रऊफभाईंचा हात वर. पर्यवेक्षक बाई आल्या. "मॅडम, ह्या खोलीला दरवाजा कुठं हाय?" बाई म्हणाल्या, काका, बोलू नका. पाच मिनिटांनी परत हात. "नाय, दरवाजा किती फुटाचा धरू तेवढंच सांगा. दरवाजा सोडून भिंतीला खाली लादीची पट्टी लागंल ना." बाईंना वाटलं म्हातारा काही तरी खुणा करतोय. त्यांनी त्यांना उठवून पहिल्या बाकावर बसवलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "लाद्यांचं किती आलं?"

"तीनशे पंधरा."

"अवो, तीनशे हाय उत्तर. बरोब्बर तीनशे."

"बसणार तीनशेच. पन फुटणार नाय का? पंधरा जास्तीच्या मागवाव्याच लागतात. मग कमी पडल्या तर दुकानदार बोलतो लॉट बदलला. रंग जुळत नाय. घरवाला आपल्या नावानं बोंबलतो."

"कागदावरच्या लाद्या कशा फुटतील, रऊफभाई?"

ते थांबले, माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच वेडी. "सुशीलाताई, तीस वर्षं हे काम करतोय. तीनशे लिवलं असतं तर ते खोटं झालं असतं."

निकाल लागला. मी अडतीस मार्कांनी पास. रऊफभाई बाकी सगळ्या विषयांत सुटले आणि गणितात एकतीस. चार मार्कांनी गेले. पास होऊन मला तोंड दाखवायची लाज वाटली, आणि हा माणूस स्कूटरवरून पेढे घेऊन माझ्या दारात. माझ्या पासचे पेढे, त्यांनी आणलेले. मी पेढा बाजूला ठेवला आणि त्यांची चांगली खरडपट्टी काढली. पंधरा लाद्यांपायी वर्ष घालवलंत म्हटलं, अशी कसली ही खुमखुमी, या वयात कुणाला दाखवायचंय दहावी पास?

तेव्हा ते खरं कारण पहिल्यांदा बोलले. दाखवायचं होतं ते भाभींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. जुबेदाभाभी दहावी पास. सोयरीक झाली तेव्हाच रऊफभाईंना ते सांगितलेलं. घरात आलेला प्रत्येक कागद त्या वाचणार, प्रत्येक फॉर्म त्या भरणार, आणि हे सही करणार. "ती कदी बोलली नाय हो काय. पन ती फॉर्म भरताना शिक्षणाच्या रकान्यात माझं नववी लिवते ना, तवा मी चा प्यायला बाहेर जातो." मी म्हटलं, मग गणित त्यांनाच का नाही विचारत? "विचारलं. बोलते, तुमचं तुमी करा, मला सैपाक हाय. मुद्दाम नाय सांगत ती. आपल्या हिमतीवर व्हावं म्हणून." मला मात्र बाई शिष्ट वाटली. खोटं कशाला बोलू, मनात त्यांच्याबद्दल अढीच बसली.

जुलैच्या पुरवणी परीक्षेआधी मी त्यांच्याकडून शपथ घेतली, की कागदावर काही फुटत नाही, सांडत नाही, कमी पडत नाही. पेपरात पाण्याची टाकी आली. बाहेर आले ते तोंड पाडून. "काठोकाठ भरली टाकी, तुमी सांगितलं म्हणून. अशी कोण भरतं काय?" मी हसून बेजार. ती आमची शेवटची भेट. त्या स्कूटरवरून टाटा करत गेले ते गेलेच.

निकालाच्या दिवशी प्रज्ञानं मोबाईलवर त्यांचा नंबर टाकला तर तिथं विद्यार्थ्याच्या आईचं नाव मागतात. बासष्ट वर्षांच्या माणसाच्या आईचं नाव मला कुठून ठाऊक असणार. भाभींना फोन लावावा लागला. त्यांनी कशाला ते विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "नाव फोनवर नाय सांगत. मला बाहेर पडता येत नाय, इद्दत चालू हाय. तुमीच या. माझ्यासमोर बघा."

इद्दत म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं चार महिने दहा दिवस घरातच राहायचं. गेले शिळफाट्याला. भाभींनी सासूचं नाव सांगितलं, मी टाकलं. गणितात एक्केचाळीस. उत्तीर्ण. माझ्यापेक्षा तीन जास्त, आणि खरं सांगते, दुःखाच्या आधी मला त्यांचा हेवा वाटला. भाभींनी मोबाईल हातात घेतला, दोनदा वाचलं, आणि पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, रडा भाभी, मोकळ्या व्हा. तर त्या म्हणाल्या, "मी पन गणितातच गेलेली."

मला कळेना.

"धावीला. लग्न ठरत होतं तवा अब्बांनी सांगितलं, पोरगी पास हाय. मग कसं बोलायचं? एक वर्ष गेलं, दोन गेली... ते वही घेऊन माझ्याकडं यायचे ना, माझा जीव जायचा. एक हिशेब येत नाय मला. म्हणून सैपाक, सैपाक करायची." मला हसू फुटलं. मयताच्या घरात हसते म्हणून मी स्वतःलाच चिमटा काढला, तर समोर भाभीही हसायला लागल्या होत्या, आणि हसता हसता दोघी रडलो. एवढी वर्षं एका छपराखाली दोन नापास, आणि दोघं एकमेकांना भिऊन. मनात धरलेल्या अढीची मला फार लाज वाटली.

निघताना भाभींनी विचारलं, "तो फॉर्म कधी निघतो हो?"

आता दर रविवारी मी शिळफाट्याला जाते. इद्दत सुटली की त्या दहिवलीला वर्गाला येतील, तोवर शिकवणी त्यांच्या घरी. वही रऊफभाईंचीच. तिच्यातली मागची कोरी पानं आम्ही घेतली. शिकवणारी कोण, तर अडतीस मार्कवाली. गेल्या रविवारी अपूर्णांकांची बेरीज घातली. भाभींनी अर्धा अधिक पाव केलं आणि उत्तर लिहिलं दोन षष्ठांश. मी डोक्याला हात लावला. "भाभी, अर्ध्यात पाव मिळवला तर कमी कसं होईल?" त्यांनी पानावर बघितलं, गोऱ्यामोऱ्या झाल्या, घाईघाईनं खोडलं आणि दाराकडं बघत हळूच म्हणाल्या, "ह्यांना नका सांगू हां."

मी म्हटलं, "नाय सांगत."