पथारीवरच्या बाया नकाशात नव्हत्या

भुसावळकडे जाणारी गाडी सुटता सुटता माय खिडकीशी आली. हात मिरचीचे, म्हणून तिने माझ्या गालाला हात लावला नाही. हळूच म्हणाली, "मी मिरचीना देठ खुडस, हाई तठे कोणले सांगू नको."

नाहीच सांगितलं. पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ट्रेसर म्हणून लागले. साहेबांचे नकाशे शाईने कापडावर उतरवायचे. बरोबरच्या मुली विचारायच्या, घरी काय असतं? मी म्हणायचे, मिरचीचा व्यापार. पुढे कुणी विचारू नये म्हणून डबा भराभरा संपवायचे. तुम्हीही गाव सोडलंय ना? खरं सांगा, घरचं काहीतरी झाकलंच असेल.

महाराष्ट्र राज्य नवंच झालेलं, जिकडेतिकडे गावं सुधारायची घाई. एक दिवस माझ्या टेबलावर आलं ते आमचंच नंदुरबार! बाजारपेठेला नवं रूप द्यायचं होतं. मधोमध गोल बाग, कारंजं, बाकं, भोवती दुकानं. छान होतं हो, खोटं कशाला बोलू! पण बाग काढली होती ती आमच्या मिरच्या वाळवायच्या पथारीवर. पाहणी झाली श्रावणात, तेव्हा तिथे गवत आणि चार म्हशी. म्हणून साहेबांनी लिहिलेलं, 'पडीक'. दिवाळीनंतर तिथे सगळं लालेलाल होतं, बाया रांगेने देठ खुडायला बसतात, हे त्यांना कोण सांगणार?

तीन दिवस मी तो नकाशा बाजूला सारत राहिले. बोलावं तर विचारणार, तुला कसं माहीत? नोकरी कच्ची, त्यात खोटं उघडं पडणार. न बोलावं तर मायची बसायची जागाच जाते. शेवटी 'पडीक'वर पेन टेकवला आणि तो पुढे सरकवेचना; कापडावर हा एवढा डाग! साहेब धावत आले. मी रडतच म्हणाले, "साहेब, तिथे माझी आई बसते. देठ खुडायला."

साहेबांनी कागद पुढे ओढला. "किती जणी असतात? सावली कुठे? पाणी?" सावली नव्हती. पाणी घरून न्यायचं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. बाग सरकणार की नाही, ते मात्र वरचे लोक ठरवणार. अजून ठरलेलं नाही.

संक्रांतीला गेले ती स्टेशनवरून थेट पथारीवर. मायला सांगितलं. तिचे हात थांबले.

"सांगी टाकं तू?"

"हां."

"मंग नोकरी?"

"शे." नोकरी टिकली होती.

तिने हातातल्या मिरचीचा देठ खुडला. मग शेजारणीला म्हणाली, "सरक व, मन्ही पोर उनी शे."

मी बसले. पुण्यात माझी खोली आहे, खाट आहे. पण घर म्हटलं की आता मला माय आणि शेजारणीच्या मधली ती वीतभर जागा आठवते, आणि पुढच्या दिवाळीनंतर ती जागा असेल का, तेच माहीत नाही.